उजळणी चालू

वेदगंगेच्या काठचं बेलकडे हे काही मोठं गाव नव्हे. पण सकाळी दहा ते एक या वेळात त्याचा आवाज पलीकडच्या काठावर ऐकू जायचा. हा आवाज अंगणवाडीतल्या बावीस पोरांचा, आणि त्या बावीस गळ्यांच्या वर चढलेला तेविसावा गळा शालनबाई खवऱ्यांचा. एखादा पाहुणा एस.टी.तून उतरून अंगणवाडीचा रस्ता विचारू लागला, तर लोक सांगायचे, कानांनी चालत जावा, चुकायचा न्हाईसा.

शालनबाईंना या आवाजाचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. एकतीस वर्षं त्यांनी हीच एक खोली सांभाळली. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर झोपेतून उठवलं तरी सातही वार, बाराही महिने आणि सत्तावीस नक्षत्रं धडाधड म्हणून दाखवायचं. त्यांतलं एकही नक्षत्र त्याला आभाळात दाखवता आलं नसतं ही गोष्ट निराळी. बाईंचं शास्त्र साधं होतं : पोर गप्प बसलं की शिकवलेलं सांडाय लागतंय. म्हणून एक गोष्ट शिकवून संपली की लगेच दुसरं गाणं. पाणी प्यायला गाणं, हात धुवायला गाणं, आणि खिचडी निवेपर्यंत चैत्र-वैशाख. तालुक्याच्या बैठकीत अधिकारी नव्या सेविकांना सांगत, जरा बेलकड्याला जाऊन बघून या.

आता एप्रिलअखेर बाई निवृत्त होणार होत्या. त्याआधी पंचायत समितीच्या दारातल्या संगमरवरी पाटीवर आदर्श सेविका म्हणून त्यांचं नाव कोरलं जाणार, हेही ठरून गेलं होतं. पाटीवर आधीची सहा नावं होती. सातव्याची जागा बाईंनी स्वतः जाऊन, पदरानं पुसून पाहिली होती.

आणि मग, २०३९ सालच्या डिसेंबरात, टोपडी आली.

सरकारी कागदावर त्याचं नाव होतं ‘स्मृतिदर्शक शिरोवेष्टन’. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं टोपडं केलं. दिसायला होतंही तसंच. मऊ सुती, हनुवटीखाली बंद. फक्त त्याच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढे चाळीस संवेदक शिवलेले होते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा विजेचे बारीक प्रवाह वाहतात, आणि जिथं वीज वाहते तिथं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी दुबळं असतं. पूर्वी ते मोजायला खोलीएवढं यंत्र आणि गोठवून टाकणारं हेलियम लागायचं, शिवाय पोरानं मुळीच हलायचं नाही अशी अट. पाच वर्षांच्या पोराला ही अट घालणाऱ्याला स्वतःचं पोर नसावं. आता दाण्याएवढ्या काचेच्या कुपीतले अणू आणि त्यांच्यातून जाणारा लेझरचा किरण हेच काम करू लागले होते. पोर उड्या मारो नाहीतर लोळो, टोपडं आपलं मोजत राहायचं.

ते सगळं बाईंच्या हातातल्या टॅबलेटवर उमटायचं. बावीस पोरांची बावीस नावं आणि प्रत्येक नावाखाली दोन शब्द. ‘लक्ष आहे.’ ‘थकवा आला.’ आणि मधूनच, हिरव्या अक्षरांत, ‘उजळणी चालू.’

तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्यानं शेवटी विचारलं, ‘समजलं का?’ तेव्हा त्या तुकडीतल्या साठ बायकांनी शालनबाईंकडे पाहिलं, आणि शालनबाई म्हणाल्या, ‘समजलं.’ सोबत चाळीस पानी पुस्तिका मिळाली होती. ती अजून प्लास्टिकमध्येच होती. उजळणी म्हणजे काय हे शालनबाईंनी पुस्तिकेत बघायचं म्हणजे सुतारानं रंधा कशाला म्हणतात ते विचारायचं.

टोपड्याचा त्यांना आणखीही एक अभिमान होता. ते पुण्याच्या ज्या संशोधन संस्थेनं बनवलं, तिथं अस्मिता मगदूम काम करत होती, आणि अस्मिता ही बाईंच्याच पहिल्या पोरांतली. भेटेल त्याला बाई सांगत, ‘टोपडं माझ्या पोरीनं केलंया.’

फेब्रुवारीच्या अखेरीस कस्तुरीची आई वर्षा चौगुले अंगणवाडी सुटायच्या वेळी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात टोपड्याच्या नोंदींवरून तालुक्यानं धाडलेला एक छापील कागद होता.

‘बाई, आमची कस्तुरी येडी हाय का वो?’

‘कोण म्हणालं?’

‘ह्यो कागद म्हणतोय.’

कागदावर लिहिलं होतं : शिकलेले टिकत नाही. शिफारस, संथ गट. म्हणजे जूनमध्ये कस्तुरीनं गावच्या शाळेत पहिलीला बसायचं नाही. सकाळी सातच्या गाडीनं तालुक्याच्या संथ गटात जायचं. शिवाय हा शेरा तिच्या नोंदपत्रावर चढणार आणि ती जाईल त्या शाळेत तिच्याआधी पोचणार. बाईंनी कागद दोनदा वाचला. मग टॅबलेट काढून तीन महिन्यांच्या नोंदी चाळल्या.

‘मला बी कळत न्हाई बग वर्षा. समद्यांत जास्त उजळणी तिच्याच नावाखाली लागती. दिसाला चाळीस-चाळीस डाव. आन् मी बी समद्यांत जास्त तिलाच उठवून म्हणाय लावतो.’

‘तरीबी?’

‘तरीबी.’

कस्तुरी तेवढ्यात चपला शोधत होती. पाच वर्षांची, हडकुळी, दोन शेंड्या घातलेली पोर. तिला काही विचारलं की ती आधी खिडकीकडं बघायची, जसं काही उत्तर बाहेरच्या शेवग्यावर वाळत घातलंय. एक चप्पल सापडल्यावर ती खिडकीकडं बघत उभी राहिली आणि मग थेट दुसऱ्या चपलेकडं गेली. हे दोघींनीही पाहिलं आणि दोघींच्याही लक्षात काही आलं नाही.

कागदाचं दुसरं पान बाईंसाठी होतं. तालुक्यात एकशे बारा अंगणवाड्या. त्यांत बेलकडे एकशे बारावं.

बाईंनी त्याच दुपारी पुण्याला फोन लावला. ‘अस्मे, तुझं टोपडं बिघडलंया,’ त्या म्हणाल्या. ‘येऊन दुरुस्त कर.’

अस्मिता सोमवारी आली. तेहेतीस वर्षांची, मोठ्या हुद्द्याची बाई. पण अंगणवाडीच्या दारात तिनं चपला नेमक्या तिथंच काढल्या, जिथं चार वर्षांची असताना काढायची. बाईंनी पोरांना सांगितलं, ‘ही बगा, ही बी ह्याच चटईवर बसायची. आन् लई रडायची.’ अस्मिता हसली आणि कोपऱ्यातल्या चटईवर मांडी घालून बसली.

बाईंचा त्या दिवशीचा पाठ अगदी दृष्ट लागण्यासारखा झाला. पेरणीपासून भाकरीपर्यंत ज्वारीचा प्रवास. पेरायची, राखायची, कापायची, मळायची, दळायची, थापायची, भाजायची. पोरं जमिनीवर आडवी होऊन दाणे झाली, उगवून उभी राहिली, गोल फिरून जात्यात दळली गेली. अस्मिताच्या मनात आलं, हे असं शिकवणं पुण्यात फी भरूनही मिळत नाही. पाठ संपला. पोरं धापा टाकत खाली बसली. खोलीत कधी नव्हे ती दहा सेकंदांची शांतता झाली, आणि कस्तुरीनं खिडकीकडं पाहिलं.

टॅबलेटवर तिच्या नावाखाली हिरवी अक्षरं उमटली. उजळणी चालू.

‘लागली बग,’ बाईंनी टाळी वाजवली. ‘कस्तुरी, ऊठ. उजळणी चालू झाली. म्हण, अश्विनी, भरणी, कृत्तिका. समद्यांनी म्हणा.’

बावीस गळे उघडले. हिरवी अक्षरं विझली. अस्मितानं कपाळाला हात लावला.

खिचडी झाली, पोरं घरी गेली, तेव्हा ती म्हणाली, ‘बाई, टोपडं बिघडलेलं नाही.’

मग तिनं सांगितलं ते असं. आपल्या कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. नवं काही शिकलं की तिथल्या पेशी एका ठराविक क्रमानं चमकतात. हे शिकणं त्या वेळी ओल्या मातीसारखं असतं, बोट लागलं तरी मोडणारं. पोर जरा रिकामं बसलं, खिडकीबाहेर बघत राहिलं, पाण्याच्या नळाखाली उगाच हात धरून उभं राहिलं, की त्याच पेशी त्याच क्रमानं पुन्हा चमकू लागतात. वीसपट वेगानं, आणि पुष्कळदा उलट्या, शेवटाकडून सुरुवातीकडं. पोराला त्याचा पत्ताही नसतो. अशा दहा-वीस फेऱ्या झाल्या की माती वाळते आणि शिकलेलं पक्कं होतं. मोठ्या माणसाला ही उसंत तासाभरानं मिळाली तरी चालते. चार-पाच वर्षांच्या पोराला ती दर आठ-दहा मिनिटांनी लागते. टोपडं हेच दाखवत होतं. हिरवी अक्षरं उमटली की त्याचा अर्थ, आत काम चालू आहे, आता याला हात लावू नका.

‘आणि तुम्ही नेमकं तेव्हाच नक्षत्रं ओतता,’ अस्मिता म्हणाली.

‘उजळणी चालू म्हंजे उजळणी घ्याची न्हवं?’

‘नाही बाई. उजळणी आत चालू आहे, असं.’

शालनबाई उठल्या आणि खिचडीचं पातेलं घासायला बसल्या. ते मदतनिसीचं काम होतं. एकतीस वर्षांत त्यांना कुणी चूक दाखवली नव्हती, आणि दाखवली तीही नाक पुसायला शिकवलेल्या पोरीनं. ‘पुस्तकातलं शास्त्र हाय ते,’ त्या पातेल्याकडं बघून म्हणाल्या. ‘गप्प बसून पोरं शिकली असती तर मग मला पगार कशापायी दिला?’

अस्मितानं वाद घातला नाही. तिनं बॅगेतून मोठ्या मापाचं एक टोपडं काढलं.

‘घाला.’

‘मी?’

‘तुमचं नाव घालते टॅबलेटवर. शालन खवरे, वय चौसष्ट.’

बाईंनी टोपडं घातलं आणि हनुवटीखाली बंद बांधला. मदतनीस दारातून बघून हसू लागली, तिला त्यांनी नजरेनंच घरी पाठवलं. अस्मितानं कागदाचा बेडूक करायला शिकवलं, आठ घड्या. बाईंना तो काही पहिल्या फटक्यात जमला नाही. मग अस्मितानं उद्याचे तांदूळ पुढं ठेवले. ‘निवडा,’ म्हणाली, ‘आणि बोलू नका.’

बाई तांदूळ निवडू लागल्या. मिनिटभरात टॅबलेटवर, बावीस नावांच्या खाली, तेविसाव्या नावाला हिरवी अक्षरं लागली. बाईंनी मान तिरकी करून पाहिलं. त्यांच्या डोक्यात तर काहीच चाललं नव्हतं. फार तर एक खडा सापडला होता. तेवढ्यात अस्मितानं टाळी वाजवली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, ‘अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी.’ आवाज अगदी बाईंचाच, हेल बाईंचाच.

अक्षरं विझली.

तीनदा लागली, तीनदा विझली. चौथ्यांदा बाईंनीच हात वर केला. टोपडं तसंच डोक्यावर होतं आणि डोळ्यांतलं पाणी बंदाच्या गाठीपर्यंत आलं होतं.

‘म्हंजे तीन म्हैने मी पोरांच्या तोंडातला घास काढून घेतला,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्या आदी बी घेतच असणार. पर तवा चुकून तरी उसंत मिळायची पोरांस्नी. ह्या तीन म्हैन्यांत मी घास बगून बगून काढला. आन् समद्यांत जास्त कस्तुरीचा.’

‘तिची उजळणी सावकाश आणि लांब चालते,’ अस्मिता म्हणाली. ‘बाकीची पोरं नळापर्यंत जाता-येता उरकून घेतात. तिला पुरतं दीड मिनिट लागतं. मध्येच मोडली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, म्हणून हिरवं जास्त वेळा दिसायचं, आणि तुम्ही जास्त वेळा उठवायचात. पोर संथ आहे, पण मंद नाही.’ ती थोडं थांबली. ‘चूक माझी आहे, बाई. समितीनं ‘स्मृतिपुनरावर्तन’ असा शब्द दिला होता. मीच भांडून तो काढायला लावला. म्हटलं, आपल्या बाया वाचणार, आपला शब्द पाहिजे. तुम्ही सांगायचात, पितळेचं भांडं उजळतात तसं डोकं उजळायचं, म्हणून उजळणी. ते लक्षात होतं माझ्या.’

बाईंनी नाक पुसलं. इतक्या वाईट वेळीही त्यांना बरं वाटलं ते वाटलंच. ‘शब्द चांगला घेतलास,’ त्या म्हणाल्या.

पण नुसतं बरं वाटून कस्तुरीचा जून काही सुधारणार नव्हता. अस्मितानं नियमांचं पुस्तक उघडलं. शब्दामुळं घोटाळा झाला असं तिनं संस्थेतर्फे लिहून दिलं, तर बाईंच्या नावाला धक्का लागणार नाही; पण मग चौकशी समिती बसणार आणि निकाल यायला सहा महिने जाणार. तोवर पोर संथ गटात बसलेली. दुसरा मार्ग एका दिवसाचा. यंत्राचा वापर माझ्या हातून चुकीचा झाला, असं सेविकेनं स्वतः लिहून द्यायचं. नोंदी त्याच दिवशी रद्द होतात आणि पोरांची नव्यानं तपासणी होते. फक्त अशी नोंद झालेल्या सेविकेचं नाव आदर्शच्या यादीत राहत नाही.

‘तालुक्याच्या नलवडे मॅडम तपासणीला कधी यायच्या हायती?’ बाईंनी विचारलं.

‘शुक्रवारी.’

‘मग कागद दे हिकडं.’

अस्मिता म्हणाली, ‘एकतीस वर्षं आहेत, बाई. रात्रभर विचार करा.’

‘विचार केला की मन फिरतंय,’ शालनबाई म्हणाल्या, आणि प्लास्टिकमधल्या पुस्तिकेवर कागद ठेवून त्यांनी लिहायला घेतलं.

लिहिणं सोपं गेलं. गप्प बसणं जमेना.

मंगळवारी बाईंनी ज्वारीचा पाठ पुन्हा घेतला आणि मग म्हणाल्या, ‘आता समद्यांनी गप बसायचं.’ पोरं घाबरली. बाईंच्या तोंडून हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. नक्की कुणीतरी काहीतरी केलंय, असं समजून एकमेकांकडं चोरून बघू लागली. टॅबलेटवर बावीस नावांखाली ‘ताण’ असं आलं. भीतीच्या वेळी उजळणी होत नाही, हे पुस्तिकेच्या अकराव्या पानावर होतं. बाईंनी ते आता वाचलं. दुसऱ्यांदा त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं, तर एका पोरानं विचारलं, ‘बाई, कोण मेलंय व्हय?’ आणि बाई स्वतः? त्यांच्या घशात मृग आणि आर्द्रा कधीच्या येऊन बसल्या होत्या. सवय म्हणजे काय असते ते त्या दिवशी त्यांना कळलं.

बुधवारी अंगणात पकडापकडी चालली होती. झोया मुजावरवर राज्य होतं आणि ती कस्तुरीच्या अगदी पाठीशी पोचली होती. हात लागणार एवढ्यात कस्तुरीनं मूठ ओठांना लावली आणि म्हणाली, ‘टॅम्प्लीज.’

झोया जागच्या जागी थांबली. सगळा खेळ थांबला. कस्तुरीनं सावकाश चपलेचा अंगठा नीट केला, शेवग्याकडं जरा बघून घेतलं. तोवर कुणी तिला शिवलं नाही, कुणी ओरडलं नाही, कुणी ‘लवकर कर की’ म्हणालं नाही. टॅम्प्लीज घेतलेल्याला शिवायचं नसतं. हा कायदा कुठल्या सरकारनं केलेला नाही आणि तो मोडलेला कुणी पाहिलेला नाही. बाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. त्यांच्या हातातल्या टॅबलेटवर कस्तुरीच्या नावाखाली हिरवी अक्षरं लागली होती.

पोरांना आत घेतल्यावर त्यांनी नवा नियम सांगितला. पाठ झाला, डोकं भरलं असं वाटलं, की कुणीबी टॅम्प्लीज घ्यायचं. मूठ ओठाला लावली की झालं. मग लोळा, बाहेर बघा, पाणी प्या, मातीत रेघा मारा, पण दुसऱ्याला शिवायचं नाही आणि आवाज द्यायचा नाही.

‘तुमी बी न्हाई?’ झोयानं विचारलं.

बाई म्हणाल्या, ‘मी बी न्हाई.’

त्या दिवशी पोरांनी चौदा वेळा टॅम्प्लीज घेतलं. त्यांतल्या चार वेळा नुसती गंमत म्हणून, बाई खरंच गप्प बसतात का ते बघायला. बाई बसल्या. गुरुवारी पाणी भरायला जाणाऱ्या एका बाईनं दारात डोकावून विचारलं, आज सुट्टी हाय का? गुरुवारी दुपारी बाईंनी ज्वारीचं विचारलं, तर पंधरा पोरांनी पेरणीपासून भाकरीपर्यंत सांगितलं, आणि एकानं वर विचारलं की भाजल्यावर खायची राहिली की. कस्तुरीनं मात्र तोंड उघडलं नाही. ती खिडकीकडं बघत राहिली, आणि तेवढ्यात घरी जायची वेळ झाली.

शुक्रवारी नलवडे मॅडम आल्या. बालविकास प्रकल्प अधिकारी. कमी बोलणाऱ्या, वेळेच्या पक्क्या. अस्मिताही आली होती. वर्षा दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. मॅडमनी बाईंचा कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

‘बाई, हे दिलंत तर नाव जाईल. पाटीवाल्याला मजकूर गेलाय.’

‘मग थांबवा त्याला,’ शालनबाई म्हणाल्या. ‘कागदावरची चूक पुसती. दगडावरची पुसत न्हाई.’

‘यात लिहिलंय, समजलं नसताना समजलं म्हणाले. एवढं लिहायची गरज नव्हती.’

‘खरं त्येच हाय.’

मॅडमनी कागदावर शिक्का मारला. तीन महिन्यांच्या नोंदी त्या क्षणी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर संगमरवरावरची सातवी जागा. पदरानं पुसलेली ती जागा बाईंच्या डोळ्यांपुढं आली, ते खोटं कशाला सांगायचं? पण त्यांची मान ताठ होती, आणि अस्मितानं ती तशी ताठ असलेली पाहिली.

‘आता नवी तपासणी,’ मॅडम म्हणाल्या. ‘कस्तुरी चौगुले पहिली.’

तपासणी म्हणजे एक गोष्ट. टॅबलेटवरून मॅडमनीच ती वाचून दाखवली. एक तांबडी कोंबडी होती. ती खुराड्यातून निघाली. हौदाजवळ आली. गिरणीजवळ आली. मग डेअरी, मग देऊळ, मग वडाचं झाड, मग पूल, आणि मग ती बाजारात पोचली. गोष्ट संपली.

‘सांग बाळ, कोंबडी कुठून कुठून गेली?’

कस्तुरीनं मॅडमकडं पाहिलं. मग मूठ ओठांना लावली आणि म्हणाली, ‘टॅम्प्लीज.’ आणि खिडकीकडं वळली.

मॅडमचं बोट ‘उत्तर नाही’ या चौकटीवर गेलं. अस्मिता पटकन म्हणाली, ‘दोन मिनिटांची मुभा आहे, मॅडम.’ मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि बोट तिथंच अधांतरी धरलं.

त्या दोन मिनिटांत शालनबाईंनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. एक शब्द पुरला असता. ‘खुराडं’ एवढं ओठांनी नुसतं दाखवलं असतं तरी पोर सुरू झाली असती, निदान त्यांना तसं वाटत होतं. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पोर अडखळलं की पुढचा शब्द त्याच्या तोंडात घालायचा. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि ती मूठ स्वतःच्या ओठांवर दाबून ठेवली. बाकीच्या एकवीस पोरांनी बाईंना पाहिलं, आणि बाईंनी टॅम्प्लीज घेतलंय असं समजून तीही चिडीचूप झाली. बेलकड्याच्या अंगणवाडीत त्या वेळी शेवग्यावरच्या चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता.

हिरवी अक्षरं लागली. लागूनच राहिली.

मिनिट सरलं, वर आणखी अर्धं गेलं, आणि कस्तुरी वळली. ‘बाजार,’ ती म्हणाली. ‘मग पूल. मग वड. मग देऊळ. मग डेअरी, मग गिरणी, मग हौद. मग खुराडं. झालं.’

अक्षरं हिरवीच होती. पण तपासणीच्या चौकटीत लाल आकडा उमटला. आठपैकी शून्य. क्रम चुकला होता.

दाराबाहेर वर्षानं तो लाल रंग पाहिला आणि ती उंबऱ्यापर्यंत पुढं आली. मॅडम मात्र त्या आकड्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी टॅबलेट बाजूला ठेवला आणि खाली चटईवर बसल्या.

‘उलटं का सांगितलंस गं?’

‘तुमी तिला बाजारात सोडून आलासा की,’ कस्तुरी म्हणाली. ‘बाजारात कोंबडी इकत्यात. मी तिला घरला आणली.’

मग मॅडम हसल्या. बेलकड्यात कुणी त्यांना हसताना पाहिलं ते पहिल्यांदाच. त्यांनी पेन काढून तपासणीच्या छापील पत्रकावर यंत्राच्या शून्याऐवजी आठ लिहिलं आणि सही केली. खाली शेरा लिहिला : शिफारस, इयत्ता पहिली, गावची शाळा. अस्मिता आपल्या वहीत घाईघाईनं काहीतरी टिपून घेत होती. तपासणीतला तो क्रमाचा नियम बदलायला हवा, एवढं तिला कळून चुकलं होतं. वर्षानं पोरीला उचलून घेतलं आणि तिची एक चप्पल खाली पडली.

मॅडम निघता निघता टॅबलेट बंद करू लागल्या आणि थांबल्या. ‘बाई, तुमच्या पटावर बावीस मुलं ना? इथं तेवीस नावं आहेत. ही शेवटची कोण? वय चौसष्ट?’

अस्मिता नाव काढून टाकायला पुढं झाली. शालनबाईंनी तिचा हात धरला.

‘ऱ्हाऊ दे की,’ त्या म्हणाल्या, आणि एकतीस वर्षांत त्या आवाजात इतका अभिमान कुणी ऐकला नव्हता. ‘ती बी औंदाच शिकाय लागलीया.’